मुकादम हवेलीत जातो

"खिसे रिकामे करा," बायको म्हणाली.

सोफेवाल्याने दारातच उभं राहून खिसे उलटे केले. उजव्या खिशातून मोजपट्टी निघाली, डाव्यातून खडूचा तुकडा, शर्टाच्या खिशातून चार बारके खिळे आणि मागच्या खिशातून खिळे उपटायची छोटी पक्कड. बायकोने सगळा ऐवज टेबलावर ओळीने मांडला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"पक्कड कशाला? आपण फिरायला चाललोय की दरोडा घालायला?"

"सवयीने आली गं बरोबर."

"सवयीला आज घरीच ठेवायचं. आता शपथ घ्या. मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवून."

मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याने जांभई देत डोकं पुढे केलं, कारण डोक्यावर हात आला की पाठोपाठ बिस्किट येतं असा त्याचा अनुभव होता. सोफेवाल्याने हात ठेवला आणि बायको सांगेल तसं म्हटलं: आज दिवसभरात एकाही खुर्चीला हात लावणार नाही, कुठलंही आसन उलटं करून बघणार नाही, आणि ‘इथं कापड आखूड पडलंय’ असं कुणाला सांगणार नाही.

एवढी कडक शपथ घालण्याइतका हा माणूस वाईट होता का? मुळीच नाही. सोफ्यांची आणि खुर्च्यांची पोटं नव्याने भरून द्यायचं त्याचं दुकान होतं आणि कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्या हाताला सुट्टी म्हणून ठाऊक नव्हती. मेव्हणा दवाखान्यात होता तेव्हा हा भेटायला गेला, मेव्हण्याची चौकशी दोन वाक्यांत आटोपली आणि खाटेशेजारच्या खुर्चीखाली शिरला. एकदा नाटकाला गेले, तर मध्यंतरात पुढच्या रांगेतल्या बाईंना उठवून त्याने त्यांच्या खुर्चीची स्प्रिंग चाचपली. उरलेलं नाटक बायकोने मान खाली घालून नुसतं ऐकलं.

आणि आजचा दिवस तिचा होता. दुकान मूळ तिच्या वडिलांचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. सोफेवाला त्यांच्याकडे हरकाम्या म्हणून लागला आणि जावई होऊन बसला. मिस्त्री एकदा कामानिमित्त गावाबाहेरच्या जुन्या उमरावांच्या हवेलीत जाऊन आले होते. तिथल्या बागेत तळ्याकाठी एक अर्धगोल दगडी बाक आहे, त्याच्या एका टोकाला पाठीच्या भिंतीशी तोंड नेऊन पुटपुटलं तर वीस पावलांवरच्या दुसऱ्या टोकाला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं, असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. "नेईन तुला एकदा," असंही म्हणाले होते. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढची तीस वर्षं मिस्त्री दुकानातून हलले नाहीत. मग ते गेले आणि नेण्याची जबाबदारी जावयावर आली. ती त्याने आणखी दहा-अकरा वर्षं ‘एवढं हातातलं काम उरकू दे’ म्हणून पुढे ढकलली.

"त्या बाकावर बसायचं, डबा खायचा आणि बाबा खरं बोलले का थापा मारल्या ते बघायचं," बायको कुलूप लावताना म्हणाली. "दुसरं काही मागत नाही मी."

मुकादमाला घरी ठेवायची सोय नव्हती. शिवाय त्यालाही सुट्टी हवीच होती, कारण तो दुकानात खरोखर कामाला होता. जुना सोफा आला की सोफेवाला त्याच्या बुडाचं कापड एका कडेने उसवायचा आणि लाकडावर दोनदा बोट वाजवायचा: टक टक. की मुकादम खाली शिरून जुना काथ्या, चिंध्या, घोड्याचे केस, जे काय असेल ते दातांनी ओढून काढायचा, कोपऱ्यात ढीग घालायचा आणि ढिगाशेजारी ताठ बसून बिस्किटाची वाट बघायचा. टकटक झाल्याशिवाय त्याने कधी कुठल्या खुर्चीला तोंड लावलं नव्हतं. या बाबतीत तो मालकापेक्षा शहाणा होता.

सगळं पोट रिकामं झालं की मिस्त्रींच्या वेळेपासूनचा एक नेम पाळला जायचा. आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख टाकायची, काय काम केलं ते लिहायचं आणि गिऱ्हाईक माणूस म्हणून कसं आहे तेही लिहायचं. वर कापड बसलं की ते वाचणार कोण? पुढेमागे खुर्ची उघडणारा एखादा कारागीर, बस. "बाहेर गिऱ्हाईकाशी गोड बोला," मिस्त्री म्हणायचे, "पण लाकडाला खोटं सांगायचं नाही."

हवेलीच्या फाटकावर पाटी होती. बागेत कुत्र्यांचं स्वागत, पट्टा मात्र हवाच, आणि हवेलीच्या आत कुत्र्यांना मज्जाव. दगडी बाक तळ्याच्या पार पलीकडे होता, म्हणून आधी चहा, मग हवेली आणि शेवटी बाक असं ठरलं. गोड शेवटी खावं, असं बायकोचं म्हणणं.

चहाच्या ठिकाणी रांग होती. बायको रांगेत उभी राहिली आणि सोफेवाला मुकादमाला पायाशी घेऊन एका खुर्चीवर बसला. खुर्ची डगमगली. त्याने दुसरीकडे बघितलं. खुर्ची परत डगमगली. त्याने समोरची झाडं मोजायला घेतली. तेराव्या झाडाला त्याचा धीर सुटला. रांगेतल्या बायकोची आपल्याकडे पाठ आहेसं बघून त्याने खुर्ची आडवी केली, सैल झालेला स्क्रू चमच्याच्या टोकाने पिळला, खुर्ची सरळ केली आणि वर बसून घेतलं. बायको चहा घेऊन आली तेव्हा तो आभाळाकडे बघत होता.

"हवा छान पडलीय," तो म्हणाला.

तीस वर्षांच्या संसारात त्याने हवेबद्दल पहिल्यांदाच मत दिलं होतं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि मुकाट्याने चहा प्यायला लागली.

हवेलीपाशी मात्र त्याने मोठं मन दाखवलं. "तू जा आत. मी मुकादमाला घेऊन बाहेर थांबतो. आत नुसत्या जुन्या खुर्च्या असणार. कशाला विषाची परीक्षा?"

बायकोला भरून आलं. "येते लगेच," म्हणून ती आठ-दहा जणांच्या घोळक्याबरोबर आत गेली.

दिवाणखान्याची खिडकी चांगली दाराएवढी होती, जमिनीपर्यंत टेकलेली, आणि वाऱ्यासाठी सताड उघडी ठेवलेली. तिच्या बाहेरच एक लाकडी बाकडं होतं. सोफेवाल्याने पट्ट्याचा फास बाकड्याच्या पायात अडकवला आणि तो बसला. बाकडं करकरलं. हे करकरणं सांध्यातलं का फळीतलं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. बाकडं म्हणजे काही खुर्ची नव्हे, अशी मनाची समजूत घालत त्याने ते एका बाजूने उचललं आणि वाकून खाली बघितलं. बाकड्याचा पाय अधांतरी झाला आणि पट्ट्याचा फास अलगद खाली सरकला. सोफेवाल्याचं लक्ष सांध्यात होतं.

आत हवेली दाखवणारे काका रंगात आले होते. पितळी मुठीची काठी टेकत ते एका मोठ्या खुर्चीपाशी थांबले. खुर्चीभोवती जाड दोर लावलेला होता.

"ही खुद्द थोरल्या उमरावांची खुर्ची. दोनशे वर्षं झाली. या खुर्चीतला एक टाका, एक धागासुद्धा आजवर कुणी बदललेला नाही. त्या वेळचं काम बघा, त्या वेळचं लाकूड बघा!" आणि काकांनी गेली बावीस वर्षं याच वाक्याला जे केलं होतं तेच केलं. काठीची मूठ त्यांनी खुर्चीच्या पायावर वाजवली.

टक टक.

खिडकीतून मुकादम आत आला. तो धावत आला नाही, कामावर जाणारा माणूस जातो तसा आला. दोराखालून वाकून खुर्चीच्या पोटाखाली शिरला. तिथे बुडाचं कापड एका कडेला आधीच जीर्ण होऊन लोंबत होतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने उसवणाऱ्याने आपलं काम चोख केलेलं होतं. पहिल्या ओढीला कापड आलं, दुसऱ्या ओढीला हातभर काथ्या आला. काकांचा ‘आ’ मिटेपर्यंत थोरल्या उमरावांच्या खुर्चीचं पोट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडलं होतं आणि ढिगाशेजारी मुकादम ताठ बसला होता. हा कार्यक्रमाचाच भाग समजून घोळक्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"कुणाचा कुत्रा आहे हा?" आवाज ऐकून धावत आलेल्या व्यवस्थापक बाई ओरडल्या.

बायकोने क्षणभर भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. पण मुकादम उठला, सगळ्या घोळक्यातून वाट काढत तिच्यासमोर जाऊन बसला आणि बिस्किटासाठी त्याने पुढचा पाय उचलला. आता कानावर हात ठेवणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात सोफेवाला खिडकीतून धापा टाकत आत आला.

"पट्टा कसा सुटला?" बाईंनी विचारलं.

"जुना आहे... सुटला असेल," सोफेवाला म्हणाला आणि बायकोची नजर टाळून ढिगाकडे बघू लागला.

घोळक्याला दुसऱ्या दालनात पाठवून बाईंनी दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "चाळीस मिनिटांत पुढची मंडळी येतील, ती ही खुर्ची बघायलाच येतात. काय दाखवू, हा ढीग? तुम्ही आधी फाटकाबाहेर व्हा. कुत्र्यासकट. आणि उद्यापासून बागेतसुद्धा कुत्र्यांना बंदी. पाटी बदलून घेते मी!"

"आम्हाला फक्त तळ्याकाठच्या बाकापर्यंत..." बायको म्हणाली.

"बाकबिक काही नाही. बाहेर!"

बायकोची हनुवटी थरथरली. सोफेवाल्याने ते पाहिलं. एक्केचाळीस वर्षं वाट बघून बाक पंधरा मिनिटांच्या चालीवर आला होता, आणि तो हातातून निसटला होता कशामुळे, तर एक सांधा बघायची हौस. भरपाई म्हणून का होईना, त्याच्या हाताने आपसूक खुर्चीकडे झेप घेतली.

"हात मागे!" बायको गरजली. "शपथ आहे. मी बघते."

ती गुडघ्यांवर बसली आणि उघड्या पोटात डोकावली. बराच वेळ ती तशीच राहिली. काकांना वाटलं, हिला चक्कर आली.

"अहो," आतून तिचा आवाज आला, "इथं बाबांचं अक्षर आहे."

पुढच्या आडव्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं आणि ते तिने मोठ्याने वाचलं. तारीख एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. "काथ्या सगळा नवा, स्प्रिंगा नव्या. खुर्ची न्यायला गेलो तर तासभर उभा ठेवला. घरात चाळीस खुर्च्या, पण बस असं कुणी म्हणालं नाही." मग तिचा आवाज बारीक झाला. "वरची शिवण पोरीने घातली. माझ्यापेक्षा सरळ घालते. तिला सांगितलेलं नाही, डोक्यात हवा जाईल."

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. तिला ती खुर्ची आठवत होती. ‘आहे कुणाची तरी म्हातारी खुर्ची, घाल टाके’ म्हणून बाबांनी पुढ्यात ठेवलेली. शिवण बघून ते ‘हं’ म्हणाले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्या कामाला ‘हं’च्या पलीकडे काही म्हटलं नव्हतं, आणि सगळं कौतुक इथं लपवून ठेवलं होतं.

काका मात्र मटकन खाली बसले. "एक टाका बदललेला नाही म्हणून सांगतोय मी. बावीस वर्षं!"

"लाकूड दोनशे वर्षांचंच आहे हो काका," बायको डोळे पुसत म्हणाली. "पोट तेवढं बदललंय. वयाप्रमाणे माणसाचं बदलत नाही का?"

व्यवस्थापक बाईंचा लाल रंग आता ओसरून पांढरा झाला होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली मालकांच्या अगत्याविषयी हे असं, हे पुढच्या मंडळींच्या नजरेला पडलं म्हणजे झालंच. त्यांनी घसा खाकरला. "हे... चाळीस मिनिटांत पहिल्यासारखं होईल का?"

"होईल. बाकापर्यंत जाऊ द्याल?"

"जा. बसा, झोपा, काय हवं ते करा."

"आणि कुत्र्यांची पाटी?"

"आहे तशी राहील."

बायकोने पर्स उघडली, चष्म्याच्या डबीतून वाकडी सुई काढली आणि डबीच्या तळातून जाड दोऱ्याचं रीळ. सोफेवाला बघतच राहिला.

"माझे खिसे रिकामे केलेस आणि स्वतः?"

"शपथ तुम्ही घेतलीत. मी कुठे घेतली?"

बायकोने काथ्या झाडून पोटात दाबून बसवला, फाटलेल्या कापडाला आतून रुमालाचा जोड दिला. सोफेवाला हात पाठीमागे बांधून भोवती येरझारा घालत होता, आणि "डावीकडे जरा..." एवढं तोंडातून निघालं की बायको सुई रोखायची. काम सुरळीत चाललं होतं, उपटून आलेले जुने खिळे परत ठोकायची वेळ येईपर्यंत. हातोडी नव्हती, म्हणून काकांच्या काठीची मूठ घेतली. बायकोने पहिला खिळा ठोकला, टक टक, आणि मुकादम खाली शिरून हातभर काथ्या घेऊन आला.

"दोनदा नाही!" सोफेवाला ओरडला. "एकदा ठोक, नाहीतर तीनदा. दोन म्हणजे काम सुरू!"

मग एकेका खिळ्याला तिघांनी मोजणी केली. बाईंनी मुकादमाला मिठीत आवळून धरलं आणि काका मोठ्याने म्हणू लागले, "एक, दोन, तीन... थांबा! एक, दोन... अहो, तीन! तीन!" एका खिळ्याला बायकोचा हात दोनवर थांबला आणि मुकादमाने बाईंना मिठीसकट तीन फूट फरफटत नेलं. त्यानंतर बाईही मोजायला लागल्या.

अर्ध्यावर बायकोने पाठ ताठ केली आणि कमरेवर हात दाबला. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग भिंतीजवळच्या रेशमी कोचाभोवतीचा दोर, ज्याला खुद्द बाईंनीही कधी हात लावला नव्हता, तो त्यांनी स्वतः बाजूला केला.

"जरा बसा ना," त्या म्हणाल्या. "चहा मागवते."

बायको उमरावांच्या कोचावर बसून चहा प्याली. मग शेवटची कड बंद करण्याआधी तिने काकांकडून पेन्सिल मागून घेतली, खुर्चीखाली शिरली आणि वडिलांच्या अक्षराखाली काहीतरी लिहिलं. सोफेवाला वाकून बघायला गेला तर तिने तळहात आडवा धरला आणि तीन-तीन ठोक्यांत शेवटचे खिळे मारून टाकले. दारावर पुढच्या मंडळींची चाहूल लागली तेव्हा खुर्ची दोनशे वर्षं कुणी न उघडल्यासारखी उभी होती.

"लाकूड बघा," काकांचं सुरू झालं, "दोनशे वर्षांचं..." त्यांनी काठी उचलली, मुकादमाकडे पाहिलं आणि काठी काखेत धरली.

"काय लिहिलंस?" तळ्याकडे जाताना सोफेवाल्याने विचारलं.

"काम काय केलं ते. जुना माल मुकादमाने काढला ते. आणि मालकांनी बसायला सांगितलं ते."

"आणि माझ्याबद्दल?"

"लिहिलं की, नवरा बरोबर होता, सुट्टीवर होता."

सोफेवाला वाटेतच थांबला. मिस्त्रींच्या अक्षराखाली, त्यांच्याच लाकडाला, त्याच्यापायी खोटं सांगितलं गेलं होतं. आणि ती खुर्ची आता पुढची चाळीस वर्षं तरी कुणी उघडणार नव्हतं.

दगडी बाक मिस्त्रींनी सांगितला होता तसाच होता, अर्धगोल, पाठीला उंच भिंत असलेला. बायको एका टोकाला बसली, सोफेवाला दुसऱ्या टोकाला गेला आणि मुकादम मधोमध गवतावर आडवा झाला. तळ्यावर ऊन पसरलं होतं. बायकोने भिंतीशी तोंड नेलं.

"ऐकू येतंय?"

सोफेवाला दचकला. आवाज अगदी कानाशी आला होता.

"येतंय!"

"बाबा खरं बोलले होते," भिंत म्हणाली. सोफेवाल्याने वळून पाहिलं. लांबवर बायको पदराने नाक पुसत होती आणि इतकी खूश दिसत होती की त्याला राहवेना.

"ऐक," तो दगडाला म्हणाला. "चहाच्या ठिकाणी मी एक खुर्ची आडवी केली होती."

तो भिंतीला आणखी चिकटला.

"आणि खिडकीबाहेरचं बाकडं. ते उचललं म्हणून पट्टा सुटला. जुनाबिना काही नाही तो. तुझा दिवस मीच घालवत होतो. आणि तू लाकडाला माझ्याबद्दल खोटं लिहून बसलीस. आता ते कसं खोडणार?"

"खोटं कुठे लिहिलंय?" भिंतीतून आवाज आला. "नवरा सुट्टीवर होता, दिवसभरात दोनच आसनं उलटी केली, असं लिहिलंय."

"तुला कसं कळलं?"

"चहाची खुर्ची मी जाताना डगमगत होती, आल्यावर डगमगत नव्हती. आणि बाकडं उचललंत तेव्हा मी खिडकीतच उभी होते."

"मग सुट्टीवर कसं काय लिहिलंस?"

"अहो, दोन म्हणजे तुमच्या मानाने सुट्टीच."

सोफेवाला मोठ्याने हसला. मनावरचा दगड उतरला म्हणून त्याने खालच्या दगडावर बोटं वाजवली, टक टक. मुकादम लगेच उठला आणि बाकाखाली शिरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं हुंगूनही त्याला ओढण्यासारखं काही सापडलं नाही. तरी तो बाहेर आला आणि दोघांच्या बरोबर मध्ये बिस्किटासाठी ताठ बसला.